यूपीआयचा साउंडबॉक्स छोट्या दुकानदाराने घ्यावा का? वापरून लिहितोय

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. काउंटरवर एकटाच माणूस असतो, संध्याकाळी सहा ते नऊ गर्दी असते आणि निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे देतं, असं तुमचं दुकान असेल तर साउंडबॉक्स, म्हणजे यूपीआयचे पैसे जमा झाले की रक्कम मोठ्यानं बोलून सांगणारा डबा, घ्या, पैसे वाया जात नाहीत. पण भाडं किती, ते कुठनं आणि कधी कापणार, आणि उद्या नको झाला तर परत कसा द्यायचा, एवढं विचारल्याशिवाय बसवायला आलेल्या पोराला आधार-पॅनचा फोटो काढू देऊ नका.

आमचं बार्शीत किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. सकाळ-संध्याकाळ मी असतो, दुपारी आई बसते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉक्स वापरून झालेत, पहिला परत केला, दुसरा चालू आहे. कंपन्यांची नावं लिहीत नाही कारण आसपासच्या दुकानदारांशी बोललो तर तक्रारी सगळीकडं थोड्याफार सारख्याच निघतात, आणि मला इथं कुणा एकाला चांगलं किंवा वाईट ठरवायचं नाही. मला सांगायचंय ते या वस्तूबद्दल, कारण देशात यूपीआयचे एवढे कोटी व्यवहार झाले म्हणून बातम्या येतात तेव्हा त्यातला दुकानदाराच्या बाजूचा खर्च नेमका कुठं पडतो ते या छोट्याशा डब्यात दिसतं आणि त्याच्याबद्दल आपण दुकानदार एकमेकांत फार कमी बोलतो.

वस्तू म्हणाल तर साधी आहे. समोर क्यूआर, आत एक स्पीकर, एक बॅटरी आणि एक सिमकार्ड. तुमच्या मोबाईलशी त्याचा काही संबंध नाही, त्याचं स्वतःचं नेटवर्क असतं, त्यामुळं मालक गावाला गेला तरी दुकानात बॉक्स बोलत राहतो, ही त्याची सगळ्यात मोठी सोय. गिऱ्हाईकानं स्कॅन करून पिन टाकला की त्याच्या ॲपकडून निरोप जातो एनपीसीआयकडं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडं, मग त्याच्या बँकेतनं पैसे वजा होतात, आपल्या बाजूच्या बँकेत जमा होतात, मग क्यूआर ज्या कंपनीचा आहे तिच्या सर्व्हरला कळतं, आणि तो सर्व्हर मोबाईल नेटवर्कवरून आपल्या बॉक्सला कळवतो तेव्हा कुठं तो बोलतो. एवढा सगळा प्रवास दोन-तीन सेकंदात होतो हे खरंच मोठं काम आहे. पण यातली शेवटची पायरी, म्हणजे सर्व्हर ते बॉक्स, ही बाकीच्या पायऱ्यांपेक्षा वेगळी आहे हे प्रत्येक दुकानदारानं डोक्यात ठेवायला पाहिजे. बॉक्स बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नाही. बॉक्सच्या सिमला रेंज नसेल तर पैसे खात्यात पडलेले असतात आणि डबा गप्प असतो. अशा वेळी गिऱ्हाईकाला परत पाठवा म्हणायच्या आधी दुकानाच्या ॲपमध्ये हिस्टरी बघायची, मगच तोंड उघडायचं.

आणि गिऱ्हाईकाचे कापले गेले पण आपल्याकडं आलेच नाहीत असं झालं तर भांडण करू नका, दोघांनाही नियम माहिती पाहिजे. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, दुकानाच्या यूपीआय पेमेंटमध्ये अडकलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला पाहिजेत, त्याच्या पुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. मी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय आणि गिऱ्हाईकाला दाखवतो, माणूस लगेच शांत होतो.

बॉक्स यायच्या आधी कसं चालायचं ते ज्यांनी दुकान चालवलंय त्यांना माहिती आहे. गिऱ्हाईक मोबाईलची स्क्रीन समोर धरणार, हिरवी टिक दाखवणार, आपण हात तेलाचे असताना मान वळवून बघणार, बँकेचा मेसेज कधी लगेच येणार कधी अर्ध्या तासानं. त्यात खोटी स्क्रीन दाखवणारी ॲप निघाली, त्यात नाव आणि रक्कम टाकली की अगदी खऱ्यासारखी हिरवी टिक आणि वर आवाजसुद्धा येतो. दुसरा प्रकार म्हणजे रात्रीत क्यूआरच्या स्टिकरवर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवायचं, म्हणजे दिवसभर पैसे तिसऱ्याच्याच खात्यात. साउंडबॉक्सनं हे दोन्ही जवळजवळ बंद केलं कारण आता दुकानदार स्क्रीन बघतच नाही, कान देतो. गिऱ्हाईकाची मान खाली असो, माझी पाठ गिऱ्हाईकाकडं असो, गोडाऊनमध्ये साखरेचं पोतं फोडत असलो तरी रक्कम ऐकू येते. मला विचाराल तर या एका कारणासाठीसुद्धा भाडं परवडतं.

आवाज मराठीत ठेवता येतो, ॲपमध्ये भाषा निवडायची. नवीन बॉक्स बहुतेक वेळा हिंदीतच बोलत येतो आणि बसवणारा पोरगा तसाच सोडून जातो, त्याला तिथंच उभं करून मराठी करून घ्या. आईला डोळ्याला चष्मा लावून मोबाईल बघायचा कंटाळा, पण "एकशे पंच्याऐंशी रुपये प्राप्त झाले" ऐकलं की ती लगेच वहीत आकडा टाकते. तिला कधी ॲप शिकवावं लागलं नाही. डिजिटल साक्षरतेची एवढी शिबिरं झाली, त्यातनं जे जमलं नाही ते एका बोलणाऱ्या डब्यानं केलं असं मी मनापासून म्हणतो, कारण बाजारात भाजी विकणाऱ्या, वाचता न येणाऱ्या बायकासुद्धा आता मोबाईलवरचे पैसे बिनधास्त घेतात, आधी त्या "रोख द्या बाबा" म्हणायच्या आणि गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडं जायचं. आवाजाची क्वालिटी मात्र दोन बॉक्समध्ये वेगळी निघाली. पहिल्याचा आवाज फुल केला की फाटायचा, साठ आणि आठ कळायचं नाही, दुसऱ्याचा स्वच्छ आहे. रस्त्यावरचं दुकान असेल तर घेताना तिथंच एक रुपया पाठवून रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐका.

बॅटरीबद्दल सांगतात ते नवीन असताना खरं असतं, चार-पाच दिवस आरामात जातात, वर्षभरानं तसं राहत नाही, माझा आता रोज रात्री चार्जिंगला लावावा लागतो. आमच्याकडं लाईट जाते त्यामुळं बॅटरीचा प्रश्न शहरापेक्षा मोठा आहे. चार्जिंगची पिन साध्या मोबाईलचीच असेल तोच बॉक्स घ्या, वेगळी पिन असेल तर चार्जर बिघडला की तुम्ही अडकलात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळी पेठ एकदम स्कॅन करत असते तेव्हा घोषणा उशिरा येतात, एका मागोमाग तीन येतात आणि कुठली कुणाची ते कळत नाही, दोन गिऱ्हाईकांची रक्कम सारखी असली की अजूनच गोंधळ. त्या दिवसापुरता मोबाईलवर ॲप उघडं ठेवून एक माणूस फक्त तेवढंच बघायला बसवा. दुसरा उपाय मला सापडला नाही.

आता भाडं. हा भाग नीट वाचा.

बँक खात्यातनं आलेल्या यूपीआयवर दुकानदाराला काही चार्ज नाही हे सगळ्यांना माहिती आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवरचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडनं बँक कापून घेते ती टक्केवारी, शून्य आहे. याच्यामुळंच वीस रुपयांची कोथिंबीर आणि दहा रुपयांचा चहासुद्धा मोबाईलवर आला, टक्केवारी असती तर आला नसता, याबद्दल मला काही शंका नाही. पण मग बँका आणि ॲपवाले कमावणार कशावर? सरकार थोडी भरपाई देतं. २०२४-२५ साठी केंद्रानं साधारण १,५०० कोटींची योजना मंजूर केली, छोट्या दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. म्हणजे पूर्ण दोन हजारांच्या व्यवहाराला तीन रुपये, ते पण बँका, एनपीसीआय आणि ॲप यांच्यात वाटून. त्याच वर्षात यूपीआयवर १८,५०० कोटींहून जास्त व्यवहार झाले, रकमेत बघितलं तर २६० लाख कोटी रुपयांच्या घरात. या आकड्यांपुढं ती भरपाई काहीच नाही. त्यामुळं कंपन्यांनी दोन रस्ते काढले, एक म्हणजे बॉक्सचं भाडं, दुसरा म्हणजे दुकानदाराला कर्ज. पेटीएमनं २०१९ मध्ये हा बॉक्स पहिल्यांदा आणला आणि मार्च २०२५ पर्यंत त्यांच्या एकट्याच्याच यंत्रांचे वर्गणीदार दुकानदार सव्वा कोटीच्या आसपास पोचले होते, फोनपे, भारतपे, गुगल आणि बँका वेगळ्या. म्हणजे पैसे पाठवणं फुकट, पण पैसे आलेत हे कळणं भाड्याचं, आणि ते भाडं भरतो दुकानदार.

मी महिन्याला सव्वाशे भरतो. ऐकायला किरकोळ आहे, वर्षाचे होतात दीड हजार. आता किराण्याचं मार्जिन बघा, तेल, साखर, बिस्किटाचे मोठे ब्रँड यात चार-पाच टक्के सुटले तर डोक्यावरनं पाणी, म्हणजे ते दीड हजार कमवायला मला तीस हजारांचा माल विकावा लागतो. माझ्या दुकानाला हे जड नाही. पण रोजचा धंदा दीड-दोन हजारांचा आहे अशा पाटीवाल्या मावशीला सव्वाशे रुपये वेगळे दिसतात. पीएम स्वनिधी योजना आहे बघा, जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी सुरू झाली, पहिलं कर्ज दहा हजार, ते फेडलं की वीस, मग पन्नास, २०२५ मध्ये पहिली दोन कर्जं पंधरा आणि पंचवीस हजारांची केली. त्यात डिजिटल व्यवहार केले तर कॅशबॅक मिळायचा, महिन्याला जास्तीत जास्त १००. सरकारनं इकडं शंभर दिले आणि तिकडं बॉक्सच्या भाड्यात शंभरच्या वर गेले, असं त्या बाईच्या हातात शेवटी काय राहिलं? योजना चांगली आहे, मी कित्येकांना फॉर्म भरून दिलेत, पण त्यात बॉक्स फुकट किंवा अगदी नाममात्र भाड्यानं जोडून दिला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. खर्च फार मोठा नाही आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्यापर्यंत जाईल.

भाडं कापण्याची पद्धत पण बघून घ्या. काहीजण महिन्याला खात्यातनं एकदम ऑटोपेनं कापतात, काहीजण रोजच्या जमेतनं चार-पाच रुपये उचलतात, आणि रोज उचललेले कुणाच्या लक्षात येत नाहीत. पहिल्या कंपनीच्या पोरानं मला सांगितलेलं, "भाऊ, भाडं कसलं, सहा महिने फ्री आहे, नंतर बघू." नंतर बघायला तो पोरगा त्या नोकरीतच राहिला नव्हता. बॉक्स बिघडला, बंद करून कपाटात ठेवला, तरी भाडं चालूच राहिलं कारण बंद ठेवणं आणि परत करणं यात फरक आहे. हेल्पलाईनवाले म्हणायचे आमचा माणूस येऊन घेऊन जाईल, माणूस काही येईना. शेवटी ॲपमधनं लेखी तक्रार टाकली, बँकेत जाऊन ऑटोपेची परवानगी रद्द केली, मग हललं. ही परवानगी तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट अशा नावानं दिसते, तिथनं स्वतःलाही बंद करता येते, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही. बसवणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, दिवसाला इतके बॉक्स बसवायचेच असं टार्गेट डोक्यावर घेऊन ती उन्हातान्हात फिरतात, आमच्याच तालुक्यातली बीए, बीकॉम झालेली पोरं आहेत. टेक्नॉलॉजी कंपन्यांनी नोकऱ्या दिल्या म्हणतात त्यातल्या गावाकडच्या नोकऱ्या बहुतेक अशाच, फिरतीच्या आणि कमिशनच्या. त्या पक्क्या झाल्या तर सर्व्हिस पण सुधारेल, कारण आज बॉक्स बसवणारा आणि उद्या दुरुस्त करणारा माणूस एकच राहील.

एवढी सगळी यंत्रणा आपल्यापर्यंत पोचली कशी हे पण जरा बघायला पाहिजे, कारण एखाद्या कंपनीनं एकटीनं हे केलेलं नाही. आधारचे पहिले नंबर दिले ते आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. मग ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन, ज्यात आजपर्यंत ५० कोटींच्या वर खाती उघडली. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत जाहीर झालं, तेव्हा रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, ऑगस्टपासून बँकांची ॲप आली. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की गावातल्या पोरांच्या हातात इंटरनेट आलं. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी, डिसेंबरच्या शेवटी एनपीसीआयचं भीम ॲप. यूपीआयपासून भीमपर्यंत सगळं २०१६ या एकाच वर्षात. नोटाबंदीत आमच्या पेठेनं काय सोसलं ते मी विसरलेलो नाही, पाच-सहा महिने धंदा नीट नव्हता, त्यामुळं तिचं कौतुक मी करणार नाही. पण खालचा रस्ता, म्हणजे यूपीआय, कुणा एका कंपनीचा न करता सगळ्यांना मोकळा ठेवला, आणि त्याच्यावर खाजगी कंपन्यांना ॲप चालवू दिली, म्हणून माझ्या क्यूआरवर कुठल्याही बँकेचा, कुठल्याही ॲपचा माणूस पैसे देऊ शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं. केनियात एम-पेसा २००७ पासून आहे, मोबाईलवर पैसे पाठवण्यात तो देश आपल्या किती पुढं होता, पण ते एका टेलिफोन कंपनीचं आहे आणि पैसे पाठवायला फी पडते. ब्राझीलनं नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स काढलं ते त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं, आपल्यासारखं सगळ्यांना मोकळं, आणि तिथंही ते झपाट्यानं पसरलं. आपल्याकडं काळजी एवढीच की रस्ता सगळ्यांचा असला तरी त्याच्यावर गाड्या दोनच कंपन्यांच्या दिसतात. फोनपे आणि गुगल पे मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार करतात. एका ॲपकडं तीस टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नको असा एनपीसीआयचा नियम आहे पण त्याची मुदत पुढं पुढं ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत नेलीय. भीम ॲपकडं आणखी लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं.

दुकानात काय बदललं? सुट्टे पैसे आणि त्याच्या बदल्यात द्यायची चॉकलेटं गेली. होलसेलवाल्याला पैसे द्यायला पेठेत जायचं काम गेलं, रात्री दुकान बंद करून घरनंच देतो, त्यामुळं माल दुसऱ्या दिवशी सकाळी निघतो आणि कमी स्टॉक ठेवून भागतं. उधारी कमी झाली, संपली नाही, आता गिऱ्हाईक "फोनपे करतो" म्हणून जातं आणि विसरतं, फक्त बहाणा बदलला. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे धंद्याची नोंद. वडिलांनी आयुष्यभर दुकान चालवलं आणि बँकेच्या दृष्टीनं त्यांचा धंदा नव्हताच, कर्ज मागायला गेले की मॅनेजर पुरावा मागायचा आणि पुरावा म्हणजे लाल कापडाची वही, ती कोण धरणार. म्हणून मग सावकार किंवा पतसंस्था. मी उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्याचं सरकारी, रजिस्ट्रेशन केलं, चालू खात्याचं दोन वर्षांचं स्टेटमेंट लावलं, त्यात रोजची क्यूआरची जमा ओळीनं दिसत होती, आणि सरकारच्या मुद्रा योजनेत कर्ज झालं. दुधासाठी मोठा डीप फ्रीज आणि बिलिंगचं मशीन त्यातनं घेतलं. दूध, दही, आईस्क्रीम ठेवायला लागल्यापासून धंदा वाढलाय, आणि दुपारी एक मुलगी कामाला ठेवलीय. देशाची वाढ म्हणजे माझ्यासाठी हे आहे, एक फ्रीज आणि एक पगार. असं लाखो दुकानांत झालं तर तो आकडा खरा.

याच नोंदीवर बॉक्सवाल्या कंपन्यांच्या ॲपमध्येसुद्धा कर्ज मिळतं, रोज नोटिफिकेशन येतं, तुम्हाला एक लाख मंजूर, एका क्लिकवर. इथं थांबा आणि हिशेब करा. समजा एक लाख घेतले आणि वर्षभरात रोज साधारण ३३० कापून एक लाख वीस हजार फेडायचे. पोरगा सांगेल वीस टक्के व्याज. पण मुद्दल रोज कमी होतंय, वर्षभर पूर्ण लाख तुमच्याकडं राहतच नाहीत, सरासरी निम्मेच राहतात, त्यामुळं खरा दर पस्तीस टक्क्यांच्या पुढं जातो. शेजारच्या वडापाववाल्यानं असं एकावर एक घेतलं, पहिलं फेडायला दुसरं, आता त्याच्या सकाळच्या जमेतला मोठा भाग दुपारच्या आतच कापला जातो आणि त्याला डाळीचं पीठ उधारीवर न्यावं लागतं, ते माझ्याकडनंच. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं छोट्या धंद्याच्या कर्जालाही की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंय, त्यात एपीआर नावाचा वार्षिक खरा दर सगळे चार्ज धरून छापावा लागतो. क्लिक करायच्या आधी तो कागद उघडा आणि तो एकच आकडा बघा, मग बँकेत जाऊन मुद्राचा दर विचारा. दोन चकरा जास्त होतील, पण वर्षाचे हजारो रुपये वाचतील.

आणि लोक घाबरतात ते जीएसटीला. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची, आणि बेंगळुरूत, जिथं देशातली निम्मी टेक्नॉलॉजी बसलीय तिथं, टपऱ्यांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" असे बोर्ड लागले. ती बातमी आली तेव्हा आमच्या पेठेतही दोघांनी क्यूआर काढून ठेवले. मला ते पटलं नाही. मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाखांच्या वर आणि सेवेला २० लाखांच्या वर उलाढाल गेली तर नोंदणी लागते, पैसे रोख येवोत की मोबाईलवर, आणि ताजी भाजी करमुक्तच आहे. पण छोट्या दुकानदाराची भीती खोटी नव्हती, कारण त्याच्या त्याच खात्यात मेव्हण्यानं पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी घेतलेले हातउसने सगळं एकत्र पडलेलं असतं आणि कॉम्प्युटर ते सगळं विक्री समजतो. म्हणून दुकानाचा क्यूआर वेगळ्या खात्याला जोडा, घरचा व्यवहार तिथं आणूच नका. आणि सरकारला विनंती आहे की नोटीस पाठवायच्या आधी एकदा माणूस पाठवून दुकान बघा. एका नोटिशीनं शंभर दुकानं रोखीकडं परत जातात आणि त्या दुकानदारांना मग कर्जाच्या वेळी दाखवायला काहीच उरत नाही.

रोख पूर्ण सोडू नकाच. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवार आणि वर हनुमान जयंती, नारळ-साखरेची गर्दी, आणि देशभर यूपीआय काही तास अडखळलं, त्याच्या आधी २६ मार्चलाही झालं होतं. ज्यांच्या गल्ल्यात सुट्टे होते त्यांचा धंदा झाला. देशात चलनातल्या नोटांची रक्कमसुद्धा नोटाबंदीच्या आधीपेक्षा दुपटीच्या वर आहे, म्हणजे लोक दोन्ही वापरतात आणि तेच बरोबर आहे.

स्टार द्यायचे तर वस्तूला पाचपैकी चार, कंपनीच्या सर्व्हिसला दोन. चहा, वडापाव, किराणा, मेडिकल, पेट्रोल, जिथं गर्दी आणि रक्कम छोटी, तिथं नक्की घ्या. दिवसाला आठ-दहाच मोबाईल पेमेंट येतात अशा शिंप्याला, फोटो स्टुडिओला गरज नाही, मोबाईलवर दुकानाचं ॲप टाका, त्यातही रक्कम बोलून दाखवायची सोय असते. नवीन घेणाऱ्यानं आधी आपल्या बँकेत विचारावं, काही बँका स्वतःचा बॉक्स देतात आणि चालू खात्यात ठरावीक शिल्लक राहिली तर भाडं सोडतात, शिवाय पैसे थेट खात्यात येतात, कंपनीच्या सेटलमेंटची वाट बघावी लागत नाही. मी आता तिथंच अर्ज दिलाय. पाटी लावणाऱ्या मावश्यांना एकीएकीनं घेण्यापेक्षा बचत गटानं मिळून बँकेकडं मागणी करावी, एकदम वीस-पंचवीस बॉक्स म्हणलं की मॅनेजर भाड्यावर बोलायला तयार होतो. आमच्या गल्लीतल्या गटाचा अर्ज मीच लिहून दिलाय, कुणाला नमुना पाहिजे असेल तर दुकानात येऊन घेऊन जा.